गुप्त राहील, असं मी म्हटलं होतं

शाळेतल्या मुलांना त्यांचे गुन्हे त्यांनाच विचारायचे, ही नोकरी मी दीड वर्ष केली. बाहेरगावच्या एका संस्थेचा अभ्यास होता. त्यांनी निवडून दिलेल्या नागपुरातल्या शाळांमध्ये जायचं, नववीच्या वर्गात प्रश्नावली वाटायची, एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि मुलांनी खुणा केलेले कागद गोळा करून आणायचे. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. समाजकार्याची पदवी घेऊन झालेली, आधीची नोकरी सुटलेली. कुणी विचारलं तर मी ‘संशोधनात आहे’ असं सांगायचे.

प्रश्न थेट होते. शाळा बुडवून बाहेर फिरलास का? दुकानातून वस्तू उचललीस का? कुणाला धमकावून त्याच्याकडून काही काढून घेतलंस का? कुणाला दुखापत होईल इतकं मारलंस का? चाकू, साखळी असं काही जवळ बाळगलंस का? मग उलट्या बाजूने तेच. तुझं कुणी हिसकावलं का, तुला कुणी मारलं का, आणि ते तू कुणाला सांगितलंस का? पहिल्या पाच मिनिटांत हमखास एखादा हात वर यायचा. “मॅडम, भावाले मारलं तर ते धरायचं का?” वर्ग हसायचा. मीही हसायचे. नंतर मात्र खोली गप्प व्हायची, आणि पन्नास मुलं हाताने कागद झाकून लिहायला लागायची.

सुरुवातीला एक निवेदन वाचायचं असायचं. ते मला पाठ झालं होतं. “इथे नाव लिहायचं नाही. तुम्ही जे लिहाल ते शाळेत कुणाला कळणार नाही, घरी कुणाला कळणार नाही. कागद तुम्ही स्वतःच्या हाताने या पेटीत टाकायचा.” पेटी म्हणजे पुठ्ठ्याचा खोका, वर फट पाडलेला, कडा पारदर्शक चिकटपट्टीने बंद केलेल्या.

हिंगणा रोडवरच्या एका शाळेने आम्हाला दोनदा परत पाठवलं. एकदा चाचणी परीक्षा होती, एकदा स्नेहसंमेलनाची तालीम. माझ्यासोबत एक जोडीदार होता, उमरेडकडचा, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याच्या मोटरसायकलवर मागे खोका मांडीवर घेऊन मी बसायचे. तिसऱ्या खेपेला मुख्याध्यापक तयार झाले, पण म्हणाले, “वर्गशिक्षिका वर्गातच बसतील. ही कंपनीतल्या कामगारांची मुलं आहेत, बाहेरच्या माणसाला जुमानत नाहीत.”

शिक्षकांनी वर्गात थांबायचं नाही, असा आमचा नियम होता. तो छापलेला कागद माझ्या पिशवीत होता. मी म्हणाले, “चालेल.”

नववी ‘ब’च्या बाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज न चढवता वर्ग गप्प करायची सवय. त्या शेवटच्या बाकाजवळ खुर्ची घेऊन वह्या तपासत बसल्या. मुलांनी अर्ध्या तासात खुणा आटोपल्या आणि कागद टाकायला रांग लावली. खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी मात्र लिहीतच होती. शेवटच्या पानावर ‘आणखी काही सांगायचं असल्यास’ म्हणून चार ओळी कोऱ्या होत्या. तिच्या त्या केव्हाच भरल्या होत्या.

तिने हात वर केला. “मॅडम, मांगच्या बाजूनं लिहिलं तर चालते?”

“चालतं की.”

बाईंनी वहीतून मान वर केली आणि ती लिहून संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या. मी ते पाहिलं. मुलगी उठली, कागदाची घडी करून तिने तो फटीत घातला, आणि अडकला तेव्हा बोटाने आत ढकलला.

लगेच वरच्या मजल्यावर नववी ‘अ’ घ्यायची होती. जिने चढायचे, दुसरा खोका, दुसरे गठ्ठे. बाई म्हणाल्या, “हा ठेवा माझ्याजवळ. स्टाफरूममध्ये राहील, जाताना घेऊन जा.” मी ठेवला.

तासाभराने तो मला परत मिळाला. बाहेर मोटरसायकलवर बसताना जोडीदार म्हणाला, “मॅडम, ही पट्टी आपली नाही.”

एका बाजूला आमच्या पारदर्शक पट्टीवरून खाकी पट्टी लावली होती, नीट, अंगठ्याने दाबून.

“फाटली असेल. त्यांनी चिकटवली असेल,” मी म्हणाले.

“कोणी उघडला असन तर वर कळवा लागते ना?”

“कळवलं तर वर्ग रद्द होतो. परत परवानगीसाठी चकरा मारायच्या?”

“तुम्ही म्हणता तर ठीक आहे,” तो म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

दुपारी आम्ही भाड्याने घेतलेल्या खोलीत कागदांवर क्रमांक घालायला बसलो. त्या मुलीचा कागद घडीवरून लगेच सापडला. गुन्ह्यांच्या सगळ्या प्रश्नांना तिने ‘कधीच नाही’वर खूण केली होती. मागच्या बाजूला हे लिहिलं होतं:

“आमच्या वर्गात आधी एक मुलगी होती. तिचे बाबा कळमन्याच्या मार्केटमध्ये मिरचीची पोती उचलायचे. तिच्या कपड्यांना मिरचीचा वास यायचा. सहावीत एक दिवस ती बाजूने गेली आणि मला शिंक आली. खरंच आली होती. सगळे हसले. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शिंकले. मग आम्ही चौघी मैत्रिणी शिंकायला लागलो. मग सगळा वर्ग. ती दारातून आत आली की सगळे शिंकायचे. बाई पण हसायच्या. एकदा बाई पण शिंकल्या. हे दोन वर्षं चाललं. एकदा आम्ही तिला बाथरूममध्ये कोंडलं आणि बाहेर उभ्या राहून शिंकलो. ती आतून ओरडत होती की मी रोज आंघोळ करून येते. सातवीनंतर ती शाळा सोडून गेली. तुमच्या प्रश्नात मारलं का, चोरलं का असं आहे. आम्ही मारलं नाही. म्हणून मी नाही लिहिलं. पण हे कुठे लिहायचं ते मला समजलं नाही. ती आता कळमन्याकडच्या शाळेत आहे म्हणतात. तुम्ही सगळ्या शाळांमध्ये जाता. ती भेटली तर विचारा, ती माझ्याशी बोलेल का.”

नववीच्या बाई सहावी-सातवीलाही याच मुलांना शिकवत होत्या, हे मला मुख्याध्यापकांनी सकाळीच कौतुकाने सांगितलं होतं. खाकी पट्टी कशासाठी लागली ते मला कळलं. मी कागदावर क्रमांक घातला आणि पुढचा उचलला.

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्याच वर्गात गेलो. काही वर्गांना तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा द्यायची होती. मुलं खरं लिहितात की अंदाजे खुणा करतात, हे त्यावरून ताडून बघत. या वेळी बाई वर्गात बसल्या नाहीत. दारातच हसून म्हणाल्या, “आज मी नाही थांबत. आज तुम्हाला काही त्रास होणार नाही.”

खरंच झाला नाही. दहा मिनिटांत कागद परत आले. वरपासून खालपर्यंत ‘कधीच नाही’. पन्नास मुलांनी आयुष्यात काही केलं नव्हतं आणि त्यांना कुणी काही केलं नव्हतं.

ती मुलगी आता भिंतीकडच्या बाकावर एकटी बसली होती. बाकीच्या बाकांवर तिघं-तिघं, तिथे ती एकटी. तिच्यासमोर कागदाच्या चिठ्ठ्यांचा ढीग होता. वहीच्या पानांचे फाडलेले तुकडे. कागद टाकायला येणारा प्रत्येक जण वाकडी वाट करून तिच्या बाकाजवळून जात होता आणि आणखी एक चिठ्ठी ठेवत होता. सगळ्या कोऱ्या.

“ए सर्वे,” मागून एक मुलगा म्हणाला, “तुही मॅडम आली ना वं. लिही ना.”

वर्ग हसला. तिचं नाव आता ते पडलं होतं.

जोडीदाराला कागद मोजायला सांगून मी तिला बाहेर घेऊन गेले. व्हरांड्याच्या टोकाला पाण्याचे नळ होते, तिथे आम्ही उभ्या राहिलो.

“काय झालं?” मी विचारलं.

“तुम्हाले माहीत नाही?”

“नाही.” पट्टी मला माहीत होती. पुढचं नव्हतं.

“बाईनं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी, पयल्याच तासाले. एका कागदावर उतरवून आणलं होतं त्यायनं. मंग म्हटलं, हे कोणं लिहिलं तिनं उभं राहायचं.”

“आणि तू उभी राहिलीस?”

“सगळे माह्याकडंच पाहून राहिले होते. मीच बसली होती ना शेवटपर्यंत लिहीत.”

“सगळं वाचलं त्यांनी?”

“त्यायच्या शिंकेचं सोडून.” ती नळाकडे बघत होती. “म्हणे, बाहेरच्या लोकांपुढं शाळेचं नाव खराब करते. त्या तिघींच्या घरच्यायले बोलावलं. आता त्या तिघी रोज पयल्या चिठ्ठ्या ठेवतात.”

मी ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.

“तुम्ही म्हटलं होतं, कोणाले कळणार नाही.”

“हो.”

“मंग?”

“पेटी स्टाफरूममध्ये ठेवली होती मी.”

“विसरून राहिली होती का?”

“नाही,” मी म्हणाले.

तिने मान हलवली, गणिताचं उत्तर पटल्यासारखी. मग म्हणाली, “घरी नका सांगजा. मायले काही माहीत नाही.”

त्या शनिवारी मी तिच्या घरी गेले. तिने नको म्हटलं होतं तरी गेले. मला वाटलं, आईला सगळं सांगितलं तर आई शाळेत जाऊन जाब विचारेल. आणि खरं सांगायचं तर मला कुणापाशी तरी चूक कबूल करायची होती. मुलीसमोर एकदा करून माझं भागलं नव्हतं.

आई हिंगण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. पहिली पाळी करून नुकतीच आली होती. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. शिंका, बाथरूम, पेटी, चिठ्ठ्या. शेवटी म्हणाले, “चूक माझी आहे. तिची नाही.”

ती चौकटीपासून बाजूला झाली. मग आत हाक मारली. मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली, मला पाहून जागच्या जागी थांबली.

“लिहायची काय गरज होती वं तुले?” आईने विचारलं आणि तिच्या कानशिलात मारली. “सगळे करत होते ना? सगळे गप बसले. तुलेच काहून लिहायचं होतं?”

दुसरी थप्पड बसली. मी उठून मध्ये गेले, तर आई म्हणाली, “तुम्ही बसा मॅडम. तुमचं झालं ना सांगून?”

मुलगी रडली नाही. गालावर हात ठेवून ती माझ्याकडेच बघत होती. मी पिशवी उचलली आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात आमची यादी कळमन्याच्या बाजूला सरकली. तिथल्या शाळेत आमचा वर्ग होता. कुठल्याही मुलाला शोधून काढायचं नाही, हाही नियम होता. मी काम संपल्यावर तिथल्या शिक्षिकेला विचारलं, हिंगणा रोडवरच्या शाळेतून आलेली कुणी मुलगी आहे का? त्यांनी बोटाने दाखवली. पहिल्या बाकावर बसलेली, उंच, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. वर्गाची मॉनिटर होती. मी सूचना देत असताना मागच्या मुलांना हीच डोळ्यांनी गप्प करत होती.

व्हरांड्यात मी म्हणाले, “तुझ्या जुन्या शाळेतली एक मुलगी तुझ्याबद्दल विचारत होती.”

“कोण? शिंकणारी?”

तिला नाव घ्यावं लागलं नाही आणि मलाही नाही. मी सांगितलं की तिने सगळं लिहून दिलं, स्वतःहून. तिला तुझ्याशी बोलायचं आहे. मुलगी ऐकत होती, चेहरा हलला नाही. मग मला वाटलं, पुढचं कळलं तर हिला तिची दया येईल. म्हणून मी ते कसं बाहेर आलं तेही सांगितलं. सर्वे हे नाव, एकटीचा बाक, चिठ्ठ्या.

“चिठ्ठ्यांवर काय लिहून असते?”

“काही नाही. कोऱ्या असतात.”

“कोऱ्या,” ती म्हणाली. तिच्या ओठांच्या कडा किंचित वर गेल्या. “किती दिवस झाले?”

“तीन आठवडे होतील.”

“मंग अजून लय बाकी आहे. माह्यं दोन वर्षं चाललं.”

मी म्हणाले, “ती तेव्हा लहान होती गं.”

“मी कोण मोठी होती?” मग तिने विचारलं, “बाई अजून तिथंच हायेत?”

“हो.”

“त्यायले काही झालं?”

“नाही.”

“तुम्ही काही केलं?”

“अजून नाही,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. पलीकडे रस्त्यावरून मार्केटकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती आणि धुळीत तो तिखट वास होता. मला खोकला आला. मी तो घशातच दाबला, डोळ्यांत पाणी आलं तरी दाबला. तिने ते बघितलं असणार.

“तिच्यासंग मी बोलत नाही,” ती म्हणाली. “सांगजा तिले. आन हे बी सांगजा, ऐकून मले बरं वाटलं.”

तास सुरू झाला होता. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

निरोप सांगायचा की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी हिंगणा रोडच्या शाळेसमोर सुटीच्या वेळी जाऊन उभी राहिले. मुलांचा लोंढा ओसरल्यावर ती एकटी बाहेर आली. मला पाहून थांबली.

“भेटली का ती?”

एकदा हिच्याशी खोटं बोलून झालं होतं, आता खरंच सांगायचं, असं मी ठरवलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीला सगळं खरं सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा, असं मला त्या दिवशी वाटत होतं.

“भेटली. ती तुझ्याशी बोलणार नाही म्हणाली.”

“अजून काय म्हणे?”

“तुझ्याबरोबर जे चाललंय ते तिला सांगितलं मी. तिला बरं वाटलं म्हणाली.”

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. “खरंच बरं वाटलं म्हणे?” तिने पुन्हा विचारलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा सैल झाला, ताप उतरल्यावर होतो तसा.

“मी वर तक्रार करणार आहे,” मी घाईने म्हणाले. “बाईंनी पेटी उघडली म्हणून. मुख्याध्यापकांनाही लेखी देते. हे थांबायला पाहिजे.”

“नका देजा.”

“का?”

“तिचं दोन वर्षं चाललं होतं ना. चालू द्या.”

मी तिला समजावलं, की असं नसतं, शिक्षा अशी वाटून घ्यायची नसते, तू वाईट मुलगी नाहीस. बोलताना मला जाणवत होतं की मी पुरेशा जोराने बोलत नाहीये. कारण ती नको म्हणाली होती, आणि त्या ‘नको’ने माझी सुटका होत होती. तक्रार केली असती तर पहिला प्रश्न मलाच विचारला गेला असता, की पट्टी तुम्हाला त्याच दिवशी दिसली होती का?

मी तक्रार केली नाही. बऱ्याच दिवसांनी संस्थेतून फोन आला. त्या वर्गाच्या दोन फेऱ्यांची उत्तरं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत, तिथे काही घडलं होतं का? मी म्हणाले, वर्गात शिक्षिका बसल्या होत्या. इतकंच. पलीकडून आवाज आला, “मग तो वर्ग वगळून टाकू.” आणि वगळला. जोडीदार शेजारीच बसून ऐकत होता. त्याने पुढच्या महिन्यात काम सोडलं आणि कारण सांगितलं नाही.

बाई त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला नववी ‘ब’ची मुलं रडली, असं मुख्याध्यापकांनी मला दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा सांगितलं.

दोन वर्षांनंतर एका सकाळी सीताबर्डीहून हिंगण्याकडे जाताना मला तिची आई दिसली. कंपनीच्या बसची वाट बघत बायकांच्या घोळक्यात उभी होती. मी ओळख दिली नसती तर तिनेही दिली नसती. मी जवळ गेले, मुलगी कशी आहे म्हणून विचारलं.

“दहावीत अर्ध्यातूनच शाळेत जाणं सोडलं तिनं. मंग घरून सतरा नंबरचा फॉर्म भरला. पास झाली.”

“आता काय करते?”

“माह्याच कंपनीत हाये, दुसऱ्या पाळीले. काम चांगलं करते. बोलत नाही कोणासंग. डब्बा खाते तर बी भिंतीकडं तोंड करून. बायका म्हणतात पोरगी गर्वाची आहे.” तिने पदर खोचला. “तुम्ही अजून तेच करता का? पोरायले विचारत फिरता?”

“हो,” मी म्हणाले. तेव्हा दुसऱ्या संस्थेचा, दुसऱ्या विषयाचा अभ्यास होता, पण काम तेच.

“सांगतात का पोरं?”

“सांगतात.”

बस आली. बायका चढायला लागल्या. तिने पायरीवर पाय ठेवला, वळून माझ्याकडे पाहिलं, काही बोलेल असं वाटलं. मागच्या बाईने ‘चल वं’ म्हणून तिला पुढे ढकललं आणि ती आत गेली.